कोचसमोर मराठीत

शेजारच्या गॅरेजमधून, बर्फावर नीट घसरावी म्हणून स्कीवर गरम मेण फिरवल्याचा वास आला की मला न्यूझीलंडमधला, ख्राइस्टचर्चपासून दोन तासांवरचा तो डोंगर आठवतो. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, बर्फाच्या उंचवट्यावरून उडी घेऊन हवेत गिरक्या मारायच्या स्पर्धांत उतरायची, आणि त्या दिवशी ज्युनियर संघाची निवड होती. पहिल्या फेरीत ती डोक्यावर पडली. उठली, हसली, पण डावा हातमोजा उजव्या हातात घालू लागली. कोच तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने विचारलं, डोकं दुखतंय का, गरगरतंय का? ती माझ्याकडे बघायला लागली. ‘हो’ म्हणाली असती तर कोचने तिला थांबवलं असतं; दुसरी फेरी गेली असती, निवडही गेली असती. तिकडे पुण्यात घरचे सगळे फोनवर डोळे लावून बसलेले. मी तिच्या हेल्मेटवरचा बर्फ झटकत, हसत हसत मराठीत म्हणालो, “गरगरतंय म्हणू नकोस हं, बाळा. एकच उडी राहिलीय.” कोचला वाटलं, बाप धीर देतोय. “नाइस वन, डॅड,” म्हणत त्याने माझी पाठ थोपटली. पोर त्याला म्हणाली, “आय अ‍ॅम गुड.” दुसऱ्या उडीत ती अशी पडली की हेलिकॉप्टरनेच खाली न्यावी लागली, स्की तिने पुन्हा घातली नाही. आता ती बरी आहे, नोकरी करते. मी काय बोललो होतो ते तिने कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. पण अजूनही चार लोकांत मी तिला मराठीत काही विचारलं, अगदी “चहा घेणार का?” एवढंच, तरी ती आधी माझा चेहरा नीट बघते, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत उत्तर देते.