बाटलीवरचं आडनाव

"बेटा, तुम बैठो मत. ज़रा पनीर घुमा दो."

एवढंच म्हणाले आमच्या दारू कारखान्याचे मालक. आवाजात राग नव्हता. मी खुर्ची ओढली होती, तिच्या पाठीवर माझा हात होता. तो काढला. आतून कामवाल्या बाईनं पनीरचं ताट आणून माझ्या हातात दिलं.

सिविल लाइन्समधला त्यांचा बंगला. लांब टेबल. भोवती बारा माणसं, सगळे पुरुष. दारूचे ठेकेदार, दोन इंदूरचे व्यापारी, एक रिटायर झालेले साहेब. प्रत्येकापुढं तीन ग्लास. ते सकाळी मी मांडले होते. कोणता आधी हुंगायचा, कशात किती थेंब पाणी, सगळं मी ठरवलं होतं. तिसऱ्या ग्लासातली व्हिस्की मी चौदा महिने बसवत होती. पिंपातून नमुना काढायचा, हुंगायचा, थोडी जिभेवर घ्यायची, थुंकायची, लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एका ठेकेदारानं तिसरा ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला.

"ये किसने बनाई?"

मी त्याच्या खांद्यामागंच उभी होती.

"छोटे भैया ने," मालक म्हणाले. "नाक है लड़के की. खानदानी."

छोटे भैया म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि ओकच्या लाकडाचा वास यातला फरक कळत नव्हता. तो मान खाली घालून हसला.

"और ये बिटिया?"

"लैब में है. शीशियाँ-वीशियाँ धोती है."

रिटायर साहेब माझ्याकडं वळले. कुठली, विचारलं. खमरिया म्हटलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा."

ते रिकामा ग्लास माझ्या हातात देत होते. तो हात थांबला. ग्लास टेबलावर ठेवला, माझ्यापासून लांब. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तभी. इनके यहाँ तो घर-घर दारू उतरती थी. खून में है."

सगळे हसले. मीही हसली. सांगायची लाज वाटते, पण हसली.

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. बाबा खमरियाच्या फॅक्टरीत होते. दारूच भरायचे ते, पण तोफगोळ्यात. आयुष्यभर पान नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. आजोबा विदर्भातून इकडं हिंदी मुलखात आले तेच मुळी गावातली कामं आणि गावातली पायरी दोन्ही सोडून. आई तर आमच्या क्वार्टरांमागच्या वस्तीत बाया गोळा करून दारूचं दुकान बंद करायला जायची. मी सहावीत असताना तिचा हात धरून त्या मोर्चात गेली आहे. अशा घरची मी. एम.एस्सी. केमिस्ट्री. शहराबाहेरच्या दारू कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घरी सांगितलं, केमिकल कंपनी आहे. आईनं विचारलं नाही पुढं. कळलं असावं तिला. पण पगार घरी येत होता आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं.

बंगल्यावरचा तो दिवस गिळून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही. लोकांना वाटतं, अपमान झाला की माणूस उठून निघून जातो. मी नाही गेली. सात महिने तिथंच राहिली.

मग एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. बाहेरदेशी एक स्पर्धा होती, व्हिस्कीची. फॉर्म भरून तयार. व्हिस्की कोणी बनवली, त्या रकान्यात छोट्या भैयाचं नाव. त्याचा टाय घातलेला फोटो. आणि खाली एक ओळ टाईप केलेली, की हे मिश्रण यांनी माझ्या समक्ष तयार केलं. त्याखाली माझं नाव. साक्षीदार म्हणून.

म्हणजे नुसतं चोरायचं नव्हतं. मीच सांगायचं होतं, की चोरी झाली नाही.

मालकांनी पेन पुढं केलं. मी ते घेतलं. हातात धरलं. मला आठवतं, त्या वेळी मला राग वगैरे काही आला नाही. बंगल्यावर मी हसली होती ते आठवलं. ते हसणंही एक सहीच होती, हे तेव्हा कळलं.

"मेरी सही इस पर नहीं होगी, सर."

"क्यों?"

"झूठ है."

मालकांनी फॉर्म स्वतःकडं ओढला. "तो फिर तुम्हारा यहाँ काम क्या है?"

"कुछ नहीं," मी म्हटलं, आणि पेन ठेवलं.

लॅबच्या किल्ल्या दिल्या. माझं रजिस्टर टेबलावर ठेवलं, त्या व्हिस्कीच्या चौदा महिन्यांचं, एकेक पान भरलेलं. ते त्यांचं होतं, त्यांनी ठेवावं. नाक माझं होतं. लॅबमध्ये माझ्यासोबत पाच जण होते. दाराशी कोणी आलं नाही. एकानं खिडकीतून पाहिलं, मी पाहताच मान फिरवली.

घरी सगळं सांगितलं. कंपनी कसली होती तेही, आता स्वतःची व्हिस्की काढणार आहे तेही. बाबा चपला घालून बाहेर गेले. आई पोळ्या लाटून राहिली होती.

"काहून? दुसरं कामच नव्हतं का तुले?"

"मला हेच येते, आई. लय चांगलं येते."

"ते लोक काय म्हणतात आपल्याले, माहीत आहे ना? तू तर त्यांचं बोलणं खरं करून राहिली."

"आपण काहीच करत नव्हतो, तेव्हाही ते तेच म्हणत होते."

आईचं लाटणं थांबलं. मला वाटलं, समजलं तिला. ती म्हणाली, "आणि मागच्या वस्तीतली ती गीता, नवऱ्याचा मार खाते रोज. तिले काय सांगू? माझ्या पोरीनं भरलेली बाटली आहे म्हणून?"

याला मी खोटं उत्तर बनवलं नाही, एवढंच.

त्या महिन्यात मी शहरातल्या अधारताल भागात एक खोली घेतली. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावणं बंद झालं. मावशीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आई-बाबांच्या नावानं आली, माझं नाव नव्हतं. ज्या लोकांनी माझ्यापासून ग्लास दूर ठेवला, ते तर माझे नव्हतेच. आता जे माझे होते, त्यांनीही ताट दूर सरकवलं. मधे मी. खोलीत एक टेबल, शंभरेक छोट्या बाटल्या, आणि एक खुर्ची. दुसऱ्या खुर्चीची गरज पडली नाही.

दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यांतून जुनी, पिंपात मुरलेली व्हिस्की मागवायची, आपल्या हिशेबानं एकत्र करायची, आणि लायसन असलेल्या एखाद्या कारखान्यात बाटल्यांत भरून घ्यायची. असा रस्ता असतो. कागदांचा आहे तो रस्ता. आबकारीच्या, म्हणजे दारूच्या परवान्यांच्या ऑफिसात साहेब मला खुर्ची द्यायचे आणि बोलायचे शेजारच्या कोणाशीतरी. मला विचारायचे ते एवढंच, "पति क्या करते हैं?" लग्न झालं नाही म्हटलं की, "तो पिताजी को ले आइए."

एकदा बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. स्वतःच ऑफिसच्या पायरीवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांनी सगळे प्रश्न त्यांना विचारले. माल कुठून येणार, भरणार कुठं, देखरेख कोण करणार. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहब, मैंने तो ज़िंदगी में चखी नहीं. मालकिन ये है. इससे पूछिए."

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरायला गेली. त्यांनी हात खिशात घातला.

"येवढंच केलं मी," ते म्हणाले. "पुढं नाही येणार मी. आणि बाटली घरी आणू नको. तुझ्या आईले सहन नाही होणार."

बसमध्ये बसून ते खमरियाला गेले. मी उलट्या दिशेला.

बाटल्या भरल्या त्या दिवशी कारखान्यात मी एकटीच बाहेरची होती. पहिली बाटली हातात घेतली. उजेडात धरली. रंग नीट उतरला होता. कोणाला फोन करावा म्हणून मोबाईल काढला, नावं वर-खाली केली, आणि परत पर्समध्ये ठेवला. डबा आणला होता, वरण-भात. तो तिथंच बाकावर बसून खाल्ला.

मग दुकानं. कमानिया गेटजवळ एका ठेकेदाराचं ऑफिस आहे. तो म्हणाला, "मैडम, किसी जेंट्स को भेज दीजिए, बात कर लेंगे." मी म्हटलं, जेंट्स कोणी नाही, मीच आहे. ग्लास काढला, ओतली, पुढं ठेवली. तो प्यायला. डोळे मिटले. पुन्हा प्यायला.

"चीज़ अच्छी है," तो म्हणाला. मग बाटली फिरवून लेबल पाहिलं. लेबलवर माझं नाव आहे. आडनावासकट. ब्रँडचं नाव तेच आहे, दुसरं ठेवलं नाही. "बस ये हटा दीजिए. कुछ अंग्रेज़ी-सा रख लीजिए. ये पढ़कर आदमी बोतल वापस रख देगा. मैं आपके भले की कह रहा हूँ."

तो खरंच भल्याचंच सांगत होता. मला ठाऊक आहे. काही दुकानांत माझी बाटली मागं तोंड करून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. काही ठिकाणी ती खपते. काही ठिकाणी पेटी उघडतच नाहीत. आई अजून बोलत नाही. ती बोलेल असं मी धरून चालत नाही.

दुसऱ्या खेपेचा माल आता तयार आहे. गेल्या आठवड्यात त्या ठेकेदाराचा फोन आला होता. जास्त पेट्या घेतो म्हणे, पण नाव मागच्या बाजूला छापा, बारीक.

मी छपाईवाल्याकडं गेली. त्याला म्हटलं, नाव समोरच राहील. अक्षरं या खेपेला दुप्पट मोठी कर.