मी न दिलेली हाक

ग्रंथालयात नोकरी करत असताना भुताखेतांची पुस्तके मीच वाचकांना काढून देत असे. ती परत आली की चाळतही असे. त्यांतल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास बसला नाही, आणि खरे सांगायचे तर आजही बसत नाही. त्यामुळे जे घडले त्याला काय म्हणावे, हे मला ठरवता आलेले नाही. या सदरातील इतरांचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आले. स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ... चूकभूल समजून घ्यावी.

मी अंबाजोगाईची. निवृत्त झाले, त्यानंतर लवकरच यजमान गेले. मुलगी परगावी असते. काही दिवस असे जात की संध्याकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणेपर्यंत माझ्या तोंडून एकही शब्द निघालेला नसे. आवाज मुळातच लहान, त्यात नोकरी शांतता राखण्याची. मोठ्याने ओरडल्याचे मला आठवतच नाही.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि साठीच्या उंबरठ्यावर मी सायकल शिकले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचे फळांचे दुकान आहे. ते रोज पहाटे सायकल चालवतात. त्यांच्यासोबत किराणा दुकानदार मन्मथअप्पा आणि मोबाईल दुरुस्त करणारा आसिफ. ‘मॅडम, एकट्या कशाला फिरता, आमच्यात या,’ असे सलीमभाई एकदा म्हणाले, आणि नाही म्हणायचे धैर्य नसल्याने मी गेले. अशी आमची चौघांची टीम झाली.

थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या उपचारांसाठी एका संस्थेने सायकल फेरी ठेवली होती. अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा करीत पाटोद्यापर्यंत, एका दिवसात. नियम एकच — टीमने एकत्र निघायचे आणि एकत्र पोहोचायचे.

आता एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आम्ही रस्त्याच्या कडेने एकामागे एक सायकल चालवतो. पुढच्याला खड्डा दिसला की तो ‘खड्डा’ म्हणतो, आणि ती हाक एकेक करत मागे येते. मागून वाहन आले तर ते पाहण्याचे काम सर्वांत शेवटच्याचे. त्याने ‘मागून गाडी’ अशी हाक द्यायची. पुढचे मागे वळून पाहत नाहीत. सारा भरवसा शेवटच्यावर असतो. ही जागा नेहमी सलीमभाईंची.

मांजरसुंबा सोडले आणि समोरून वारे सुरू झाले. उन्हाळा नुकताच लागला होता. मी मागे पडू लागले. तेव्हा सलीमभाईंनी क्रम बदलला : ते स्वतः वारा अंगावर घ्यायला पुढे, मग अप्पा, मग आसिफ, आणि सर्वांच्या आडोशाला शेवटी मी.

‘मॅडम, तुमी फकस्त गाडी आली की वरडायचं,’ ते म्हणाले. ‘बाकी सगळं आमच्यावर सोडा.’

मी मान हलवली. मला ओरडता येत नाही, हे सांगायची ती वेळ होती. मी सांगितले नाही. चारचौघांत ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा मान हलवणे मला आयुष्यभर सोपे वाटत आले आहे.

थोड्याच वेळाने मागून एक जीप आली. मी ‘गाडी’ म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आले नाही. जीपवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून सगळे बाजूला झाले. आसिफने मान न वळवता म्हटले, ‘मॅडम, ही लायब्ररी न्हाई. बिनधास्त वरडा.’ अप्पा हसले. मीही हसले असेन.

पुढे एक लांब उतार आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून मोकळी झालेली राने, झाड नाही, माणूस नाही. उतारावर पायडल मारावे लागत नव्हते म्हणून मी एका हाताने बाटली काढली आणि पाण्याचा मोठा घोट घेतला. तो गिळलेला नव्हता. तोंडात पाणी होते. हे मी पुन्हा सांगते, कारण यावर सगळे अवलंबून आहे — माझ्या तोंडात पाणी होते.

आणि समोरचे तिघे एकदम डावीकडे वळले. हाक नाही, खूण नाही... मला तरी काही ऐकू आले नाही. एका दोरीने ओढल्यासारखे तिघेही रस्ता सोडून मुरमात उतरले. ते वळले म्हणून मी वळले. त्याच क्षणी उजव्या कोपराला वारा लागला आणि एक टेम्पो आम्ही होतो त्या जागेवरून गेला. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, म्हणून आवाज आला नव्हता, आणि मग ब्रेक लागेना, असे नंतर कळले. पुढच्या चढावर टेम्पो आपोआप थांबला.

मी पाणी गिळले. ते कोमट होते. भीती वाटली नाही, काहीच वाटले नाही.

सलीमभाई सायकल आडवी टाकून माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी होते. ‘मॅडम, आज तुमच्यामुळं घरी जातोय.’

आसिफ मुरमातच बसला होता. तो म्हणाला, ‘एवढ्या घाईत बी “सगळ्यांनी डावीकडे व्हा” म्हणालात. “व्हा”! मी असतो तर तोंडातून शिवीच निघाली असती.’

तिघांनीही ते ऐकले होते. बाईचा आवाज, मोठा, स्पष्ट. मी बोलते तसे शब्द. आसिफला तो मागून आल्यासारखा वाटला होता. पण सर्वांत पुढे असलेल्या सलीमभाईंना कानाशी कुणी बोलावे इतका जवळ वाटला. वारा समोरून असताना मागची हाक पुढच्याला इतकी स्वच्छ ऐकू येत नाही, हे तेच आम्हाला नेहमी सांगत आलेले आहेत.

पाटोद्यात आम्ही चौघे एकत्र पोहोचलो. संस्थेच्या मांडवात सलीमभाईंनी माईकवरून सारा प्रसंग सांगितला आणि मला शाल-नारळ देण्यात आला. लोक टाळ्या वाजवत होते. ‘ती हाक माझी नव्हती,’ असे मी म्हणाले, पण माईक तोवर पुढच्या माणसाकडे गेला होता.

परतीच्या जीपमध्ये, अप्पा आणि आसिफ मागच्या गाडीत असताना, मी सलीमभाईंना सगळे सांगितले. पाण्याचेही.

‘मग कोण वरडलं?’ त्यांनी विचारले.

‘मला माहीत नाही.’

‘आवाज तर तुमचाच होता.’ मग ते म्हणाले, ‘मॅडम, हे आसिफला सांगू नका. लेकरंबाळं हायती त्याला, सायकल सोडून देईल.’

मी आपल्या परीने विचार केला आहे. रानात कुणी बाई असेल — पण नव्हती, थांबलो तेव्हा मी दोन्हीकडे पाहिले होते. टेम्पोचालक ओरडला असेल — पण तो पुरुष, आणि त्याच्या काचा वर होत्या. मीच ओरडले असेन आणि मला कळले नसेल, असे मुलगी म्हणते. तसे असेल तर तोंडातले पाणी कुठे गेले असते? ते मी नंतर गिळले. याहून पुढे माझी बुद्धी जात नाही.

आता ते मला हट्टाने शेवटी ठेवतात. मॅडम मागे असल्या की काळजी नाही, असे अप्पा सगळ्यांना सांगतात. ही जागा नको, असे मला अजूनही म्हणता आलेले नाही. म्हणून दुपारी दारे-खिडक्या लावून मी घरात ओरडण्याचा सराव करू लागले. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकणे विचित्र असते.

मागच्या आठवड्यात घाटनांदूरच्या रस्त्यावर मागून ट्रक आला. मी सारे बळ एकवटून हाक दिली, ‘मागून गाडी!’ रस्त्यावर पहिल्यांदाच माझा आवाज मोठा निघाला. तिघेही कडेला झाले, ट्रक गेला.

आसिफने मान वळवून पाहिले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे.

‘हे कोण वरडलं? मॅडमचा आवाज न्हाई हा,’ त्याने विचारले.

‘मी,’ असे मी म्हणाले. ते मात्र त्याला ऐकू गेले नसावे.