पुलासमोरचं दाढीचं दुकान

न्हाव्याचं दुकान रेल्वेच्या बुटक्या पुलासमोर होतं. उंच ट्रक दिसला की गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून तो टॉवेल हलवत रस्त्यावर धावायचा. "अरे, पुलाची काळजी तुला, माझी कुणाला?" त्याचे जुने मित्र, मास्तर, दर वेळी कुरकुरायचे.

एकदा न्हाव्याचा पाय मुरगळला होता. मास्तरांना साबण लावून होतो न होतो, तोच कपाटं लादलेला उंच ट्रक आला. न्हावी लंगडत दारात पोचेपर्यंत मास्तर टॉवेल हिसकावून ओरडत रस्त्यावर पोचलेसुद्धा! ट्रक पुलाच्या जरा अलीकडे थांबला.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, किती धावलात! तोंडाला फेस आला की!"

मास्तर परत येऊन खुर्चीत बसले. दोघांचंही हसू थांबेपर्यंत न्हाव्याने वस्तरा हातात घेतलाच नाही.