चाचीची सुरई

“वो पानी नको पियो. हमारी बच्ची अपनी आँखों से देखी है.”

फुफी शेजारणीला सांगत होती. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण; घर तिच्याच शब्दावर चालायचं. मोहरमचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी नवीन राहायला आलेल्या शिया कुटुंबानं हुसैनच्या नावानं पाण्याचे माठ मांडले होते. कुणीही यावं, प्यावं. आणि फुफी सांगत होती की ते लोक सुन्नींना पाणी देताना आधी त्यात थुंकतात.

ती बच्ची मी. पडद्याच्या आत पुस्तक उघडं धरून बसले होते. वाक्य ओळखीचं वाटलं — वाटणारच, ते माझंच होतं. त्या दुपारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

माझी चाची हैदराबादची. चाचांनी नोकरीवर असताना तिकडेच निकाह केला होता. ती शिया आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्यात आली म्हणजे आमची झाली, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिला कुणी विचारलं होतं का? नाही. ती मागच्या खोलीत दार लोटून नमाज पढायची. आमच्यासारखे हात बांधायची नाही, सरळ खाली सोडायची. कपाळ टेकायला करबलाच्या मातीची एक छोटी गोल वडी होती तिच्याकडे, रुमालात गुंडाळलेली. मी मिशनच्या मेमच्या शाळेतून आले की तिच्याच खोलीत जायचे. बाकी घरात माझ्याशी कोण बोलत होतं? आणि मी तरी कुणाशी?

एकदा मी विचारलं, तुमच्यात आणि आमच्यात भांडण कशाचं?

“हुजूर परदा करे,” पैगंबर वारले तिथपासून तिनं लसूण सोलत सुरुवात केली. “अब गादी किसकी? कुछ लोगां बोले, पुराने यार की. कुछ बोले, नै, अली की. चचेरे भाई हैं, दामाद हैं, घर के हैं. इत्ताच.”

“इत्ताच?”

“तेरी मेम राजे लोगां के झगडे पढाती नै क्या? वैसाच. फिर इत्तेच पे बढते बढते हुसैन कु प्यासा मारे.”

हुसैन म्हणजे त्या अलींचा मुलगा, पैगंबरांचा नातू. समोर नदी वाहत होती, आणि त्याच्या तंबूतल्या लेकरांनासुद्धा पाणी मिळू दिलं नाही. म्हणून चाची कुणालाही पाणी देताना आधी त्याचं नाव घ्यायची. तिच्या खोलीत एक सुरई होती, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. सोलापूरच्या उन्हात शाळेतून आल्यावर ते पाणी — ते मी रोज प्यायले. हे लक्षात ठेवा. रोज.

मग एकदा फुफीनं मला नमाज पढताना पाहिलं. माझे हात सुटे होते, चाचीसारखे. मला ते बरं वाटायचं, बाकी काही नाही. फुफीनं मला ओसरीवर सगळ्या बायकांसमोर उभं केलं. “ये किरिस्तानां सिखाये क्या? कल से स्कूल बंद.”

शाळा बंद. मला दुसरं काही दिसेना. मी म्हणाले, चाचीनं शिकवलं. तेही खोटंच, तिनं कधीच शिकवलं नव्हतं, मीच बघून केलं होतं. पण तेवढ्यावर तरी थांबायचं की नाही? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्या घरात पहिल्यांदाच सगळ्या माझं ऐकत होत्या. आणि मला ते आवडलं — हो, आवडलं. बायकांच्या तोंडून ऐकलेली एक घाण मी उचलली आणि माझी म्हणून सांगितली. चाची पाण्यात थुंकते. मी पाहिलं.

फुफीनं सुरई अंगणात आपटून फोडली. चाचा जेवायला बसले होते, ते जेवत राहिले. त्यांचा मला अजून राग येतो. फुफीचा येतो. दरवर्षी ताबूत दारावरून जाताना ती हुसैनसाठी छाती बडवून रडायची, पद्मसाळी विणकरांच्या बायका ताबूताच्या वाटेवर पाणी शिंपायच्या तेव्हा त्यांना दुवा द्यायची, आणि त्याच हुसैनसाठी रडणाऱ्या भावजयीला तिनं वेगळा पेला लावला. तेराशे वर्षांपूर्वी कुणी कुणाला गादीवर बसवलं, त्याचा हिशेब आमच्या स्वयंपाकघरात कशाला? असं मी स्वतःशी पुष्कळ म्हणायचे. सोयीचं होतं. तेराशे वर्षांवर ढकललं की माझं नाव येत नाही. पण थुंकण्याचं अलींनी सांगितलं नव्हतं, त्यांच्याशी भांडणाऱ्यांनीही नाही. मी सांगितलं होतं.

चाचीला हैदराबादला पाठवून दिलं. निघताना टांगा दारात उभा होता. तिनं माझ्यासमोर पेला धरला, नेहमीसारखा, हुसैनचं नाव घेऊन. फुफी बघत होती. मी घेतला नाही. चाचीनं ते पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि बुरखा खाली ओढला.

ती परत आली नाही. चाचांनी दुसरा निकाह केला. मी मॅट्रिक झाले.

आणि आता फुफी म्हणत होती, “यकीन नै तो पूछ लो बच्ची कु.” शेजारीण म्हणाली, असं असेल तर माझा मुलगा ते माठ संध्याकाळपर्यंत फोडून टाकेल.

मी पडदा सारला. दोघी वळल्या. मला बोलावल्याशिवाय मी कधी बाहेर येत नसे.

“मैं कुछ नै देखी, फुफी. चाची कभी नै थूके. मैं झूट बोली थी.”