राजाचा पक्षी आणि मामांचा बर्फ

दोन माणसं लाल-निळ्या कपड्यांत शेजारी उभी राहिली की त्यात ज्याला बंड दिसतं असा माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिल गावात एकच, आमच्याकडे राहणारे बायकोचे मामा. हे वेड लावलं शेजारच्या फिलिपिनो आजोबांनी. मामा त्यांना त्यांच्याच भाषेत ‘कुया’, म्हणजे दादा, म्हणत. त्यांच्या देशावर अमेरिकेचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या झेंड्याला बंदी होती, म्हणून पद्यनाटकातली पात्रं अशा रंगांचे कपडे घालत की ती जवळ आली की रंगमंचावर झेंडाच उभा राही. हे ऐकल्यापासून मामांना कुठलंच नाटक साधं दिसेना. विरहिणी नायिका म्हणजे मातृभूमी, तिचा खाष्ट बाप म्हणजे परकं सरकार. इथल्या मराठी मंडळाच्या बालनाट्यात तीन मुली लाल, निळ्या, पिवळ्या फ्रॉकमध्ये आल्या तेव्हा मामा उठून उभेच राहिले. “काका, ते सेलमध्ये होते,” नाटक बसवणारी म्हणाली. “असंच सांगावं लागतं,” मामा खूश होऊन म्हणाले.

पद्यातून वाद घालायची कुयांच्या देशात जुनी रीत होती. दोन पक्ष, मध्ये पंच, आणि पंचाचा निकालही कवितेतच. बर्फ पडला की दोघं ड्राइव्हवेवर हजर. मामांकडे बर्फ उडवायचं मशीन, कुयांकडे फावडं. “ज्याचं अंगण त्याचाच बर्फ,” मामा साकीच्या चालीत गात. “ज्याच्या हाती यंत्र, त्याच्यावर शेजाऱ्याचंही ओझं,” कुया त्यांच्या तगालोग भाषेत ठणकावत. मग दोघं एकमेकांना इंग्रजीत अर्थ समजावत आणि पुन्हा भांडत. पंच मी. कविता मला सात जन्मांत जमणार नव्हती, म्हणून निकाल दर हिवाळ्यात राखून ठेवायचो. “अरे यार, आधी कार तर बाहेर काढा!” बायको खिडकीतून ओरडायची.

या शरदात कुया गेले. दुःख हलकं व्हावं म्हणून त्यांच्यात मृताच्या घरी एक काव्यखेळ खेळतात. राजाचा पक्षी हरवतो, कुणावर तरी आळ येतो आणि त्यानं कवितेतून सुटका करून घ्यायची. आळ नेहमी गरिबावरच येतो, खेळाचा खरा रोख न्यायव्यवस्थेवर आहे, हे मामांनी आम्हाला कितीदा तरी ऐकवलं होतं. कुयांची मुलगी राजा झाली होती, तिनं मामांकडे बोट दाखवलं. आता भाषण होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. मामा उभे राहिले, पण साकी सुचेना.

“मीच नेला,” ते साध्या मराठीत म्हणाले. “रोज माझ्या दारात गायचा. मला वाटलं, माझाच आहे.”

ते इंग्रजीत सांगताना मला रडू फुटलं.

परवा पहिला बर्फ पडला. मशीनचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर मामा कुयांच्या बंद घरासमोरचा ड्राइव्हवे साफ करत होते. आमचा तसाच भरलेला.

“मामा, निकाल अजून लागला नाहीये.”

“मग लाव की,” म्हणाले आणि मशीन बंद करून वाट पाहत थांबले.

कविता काही आली नाही. कुयांचं फावडं त्यांच्या गॅरेजला टेकून उभं होतं, ते मी उचललं.