द्वारका चौकातलं स्थळ

कराड सोडलं तेव्हा अजून उजाडायचं होतं आणि नलूआत्या नवऱ्या मुलीसारखी नटून गाडीत बसली होती. 'सारखी' हा शब्द केवळ सभ्यतेखातर. साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर ती खरोखरच स्थळ बघायला निघाली होती, आणि वडिलांची बहीण म्हणून तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं होतं. इरकल नेसलेली, मानेवर पावडरचे ढग, मांडीवर पर्स.

आत्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही, कारण तिच्या मते विचारणारे सगळे बावळट होते. आता मात्र एका मैत्रिणीने नाशिकजवळच्या ओझरचे दिनकर भालेराव सुचवले होते. विधुर, एकटे, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त. रोज संध्याकाळी फोन चालायचे. आमच्या अख्ख्या सोसायटीत 'नलूताईंचे विमानाचे इंजिनिअर' एवढे प्रसिद्ध झाले होते, की विमानं उशिरा का सुटतात हे त्यांना विचारून सांगा, अशी गळ खालच्या वाण्याने मला घातली होती.

गंगापूर रोडवरच्या एका थंडगार हॉटेलात दुपारच्या जेवणाला भेट ठरली होती. टेबल मीच सांगून ठेवलं होतं. मे महिन्यात प्रौढ माणसांना प्रेमात पडायचं तर एसी हवा, असं माझं मत.

पुण्यापर्यंत सगळं छान. चंदनापुरी घाटात मात्र एसीने एक सुस्कारा टाकला आणि कोमट हवा फेकायला लागला. संगमनेर येईतो ती कढत झाली. काचा खाली केल्या, तर बाहेरची हवा त्याहून तापलेली आणि वर धुळीची. आत्याच्या पावडरचे ओघळ होऊन पदरापर्यंत आले.

"काहीतरी कर गं," ती म्हणाली. "मी काय अशी मळलेल्या कणकेसारखी जाऊ त्यांच्यासमोर?"

सिन्नरला चहाला थांबलो. टपरीवाल्याने न विचारताच बॉनेटकडे बघून निदान केलं, "गॅस गळाला आसंल ताई. नाशकात द्वारकेला जा. तिथं लय गॅरेजं हायत."

द्वारका म्हटल्यावर आत्याच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि मंदिर आलं असावं. नाशिकची द्वारका म्हणजे एक चौक आहे, आणि तिथे चारही बाजूंनी ट्रक, रिक्षा, एसटी आणि कांद्याचे टेम्पो एकाच वेळी 'आधी मी' म्हणत असतात. वरून उड्डाणपूल आणि त्याखाली आम्ही, हॉर्नच्या सूपात उकळत. कशीबशी गाडी एका पत्र्याच्या शेडखाली घातली.

गॅरेजवाल्याचं नाव संपत. मूळचा निफाडकडचा. द्राक्षबाग भावाला सोपवून इथे आलेला, कारण "गाडी रुसली तर निदान कळतं का रुसली, द्राक्षाचं कायच कळत नाय." त्याने गॅस हुंगणारं एक यंत्र काढलं. ते कुठेही धरलं तरी किंचाळायचं. बॉनेटपाशी, चाकापाशी, आत्याच्या पर्सपाशी.

"आत्ताच एका गाडीचा गॅस सोडला ना, सगळ्या शेडात भरलाय," संपत म्हणाला. "मावशी, तुमच्या पर्समधी गळती नाय. घाबरू नका."

आत्या घाबरली नव्हती, ती संतापली होती. जेवणाची वेळ टळत चालली होती. मी भालेरावांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, "गॅरेजवरच येतो की! पत्ता सांगा."

आत्याचा चेहरा उजळला. "येऊ दे. त्यांच्या हातात विमानं असायची. तुझी ही डबडी गाडी म्हणजे त्यांना काय!"

भालेराव स्कूटरवरून आले. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्यावर टोपी, आणि पुढच्या हुकाला एक भलीमोठी बरणी. आल्याआल्या त्यांनी पेले काढले आणि ताक ओतलं. जिऱ्याचं, आल्याचं, बर्फासारखं गार. "आधी हे प्या बाई, मग बोलू." आत्याला ते बाईच म्हणायचे. शाळेच्या बाई असल्यामुळे चालूनही जायचं आणि पहिल्या भेटीत नाव घ्यायची अडचणही टळायची. आत्याने दोन पेले रिचवले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ताक मी पाजायला हवं होतं.

"काका, तुमी विमानवाले," संपत म्हणाला. "तुमीच बघा काय ते."

भालेराव पाठीमागे हात बांधून बॉनेटमध्ये वाकले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'ने शेडात आदर पसरला. शेजारच्या पंक्चरवाल्यानेसुद्धा हातातलं टायर खाली ठेवलं.

"साबणाचं पाणी करा," भालेराव म्हणाले.

संपतही त्याच तयारीत होता. त्याने पाइपांमध्ये नायट्रोजन भरला, म्हणजे जिथे गळती असेल तिथे बुडबुडे येतील. पण ब्रश भालेरावांनी हिसकावला आणि पाण्यात इतकी साबणाची पूड ओतली, की बघता बघता अख्खं इंजिन फेसाने भरलं. सगळीकडेच बुडबुडे. गाडी दाढी करायला बसल्यासारखी दिसत होती.

"काका, गाडी धुवायची नव्हती!" संपत ओरडला.

"अहो, मी आयुष्यभर असंच करत आलो. शेगडीच्या सिलेंडरची गळती दुसरी कशी शोधणार?"

आत्याने पेला खाली ठेवला. "सिलेंडर? विमानात कुठला सिलेंडर?"

भालेरावांनी ब्रश खाली ठेवला. कोपरापर्यंत फेस, टोपी तिरकी.

"विमानात नाही बाई. कॅन्टीनमध्ये."

"तुम्ही कारखान्यात नेमकं काय करत होतात?"

"कॅन्टीनच बघायचो. आचारी म्हणून लागलो, मग सगळं कॅन्टीन माझ्याकडे आलं."

आत्याचा स्वभाव मला ठाऊक होता. तिने एका मुख्याध्यापकाशी बोलणं कायमचं सोडलं होतं, ते केवळ त्यांनी गोदावरी बंगालच्या उपसागराला नेण्याऐवजी अरबी समुद्रात सोडली म्हणून. आता एसी बंद, ऊन तापलेलं आणि परतीची वाट सगळ्या महाराष्ट्रभर लांब.

"मला इंजिनिअर म्हणून सांगितलं होतं," ती थंड आवाजात म्हणाली. ताक संपल्यावर त्या दुपारी गाडीपाशी तेवढीच एक गोष्ट थंड उरली होती.

"मी कधी म्हटलं नाही. पण तुम्ही फोनवर 'तुमची विमानं' म्हणायचात, तेव्हा मी दुरुस्तही केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं," ते म्हणाले. "आज जेवताना सांगणार होतो. खरंच."

संपत एकाएकी मन लावून फेस धुवायला लागला. आत्याने भालेरावांकडे बघून जे विचारलं त्याची मला स्वप्नातही अपेक्षा नव्हती.

"म्हणजे तुम्हाला स्वयंपाक येतो?"

आत्याला स्वयंपाकाचा आयुष्यभर तिटकारा. तिच्या हातची भाजी आम्ही नातेवाईक प्रसाद मानून गिळतो.

"येतो की," भालेराव म्हणाले. "पण पंगतीचा. दोघांचा अंदाज कधी बसलाच नाही. आणि ही गेल्यापासून एकाचा तर मुळीच जमत नाही. रोज उरतं. शेजाऱ्यांना वाटत बसतो."

आत्याने पर्समधून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. "गालाला फेस लागलाय."

तेवढ्यात संपतने पातळ साबणपाणी एकेका जोडाला लावत एके ठिकाणी बोट रोखलं. एका पाइपाच्या जोडावर बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आतली रबराची रिंग उन्हाने कडक होऊन तडकली होती. आम्ही सगळे त्या बुडबुड्याकडे बाळाचा दात बघावा तसे वाकून बघत होतो. नवी रिंग बसली, पाइपांमधली हवा यंत्राने ओढून काढून गॅस भरला, आणि एसीने गार श्वास टाकला. तोवर हॉटेलची वेळ केव्हाच टळली होती. आम्ही चौकातच उलटा वडापाव, म्हणजे आत भाजी भरून बेसनात बुडवून तळलेला अख्खा पाव, खाल्ला. भालेरावांनी त्याच्या तेलावर सडकून टीका केली आणि दोन जास्तीचे मागवले.

मुक्काम नाशिकला करून दुसऱ्या दिवशी ओझरला त्यांच्या घरी जेवायला गेलो. तिघांसाठी म्हणून केलेली डाळ त्यांच्या गल्लीला पुरली. शेजारच्या बायका सरावाने डबे घेऊन आल्या आणि आत्याला निरखून गेल्या. आत्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि ते फोडणी देत असताना त्यांना मोसमी वारे समजावून सांगत होती. ते मधूनमधून "हं" म्हणत होते. तो 'हं' मी आदल्या दिवशी ऐकला होता. त्याचा अर्थ 'कळलं नाही, पण बोला' असा आहे.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी इतकी गार होती, की आत्याने शाल काढून पांघरली. माझ्या मनात येत होतं, गंगापूर रोडवरच्या त्या थंड हॉटेलात हे दोघं किती नीट बसले असते. एकाने विमानांचा आब राखला असता, दुसरीने पदर सावरला असता, आणि दोघंही सुसंस्कृतपणे कंटाळून घरी गेले असते. माणूस कसा आहे हे कळायला एसी बंद पडावा लागतो असं नाही. पण माझं सगळं नियोजन बंद पडलं, ते फार बरं झालं.

कराडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि सोसायटीच्या फाटकाशी बायका वाटच बघत होत्या.

"काय हो नलूताई," पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कसे आहेत तुमचे इंजिनिअर?"

आत्याने शाल सावरली, गाडीचं दार आपटलं आणि गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितलं, "इंजिनिअर नाहीत, आचारी आहेत. पुढच्या महिन्यात येतायत. सगळ्यांनी उपाशी राहा."