एकतिसावा चमचा

१८ जानेवारी १९८८. हळदी-कुंकवाचं वाण आवरायला काढलं. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि टोपल्यात चाळण्या, कंगवे, साबणाच्या डब्या, वाट्या असा बाजार भरला होता. ठेवायचं एका बाजूला, पुढच्या वर्षी द्यायचं दुसऱ्या बाजूला. त्या पसाऱ्यात एक स्टीलचा चमचा निघाला. दांडीवर माझी आद्याक्षरं कोरलेली, खाली ८३ साल. पाच वर्षांपूर्वी मीच वाण म्हणून दिलेला चमचा फिरत फिरत मलाच वाण म्हणून आला होता.

मी तो उजेडात धरला. आत रेघ नव्हती. म्हणजे हा तोच.

"तो एक भेटला काय, बाई?" असं मला दर संक्रांतीनंतर विचारणारा माणूस आता नाही. म्हणून निदान लिहून ठेवते.

तो आमच्या सौंसरला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. त्याला नाव होतं, पण कोणी ते घेत नसे. सगळ्यांचे ते कंपाउंडरभाऊ. औषधाच्या खिडकीतून चष्मा आणि दोन लांब हात एवढेच दिसत. खिडकीशी गेलं की पहिला प्रश्न, "बाटली आणली काय?" हा तुमच्याही गावात विचारत असतील. दुसरा मात्र फक्त आमच्याकडे, "अन् चमचा?"

खोकल्याचं औषध तेव्हा दवाखान्यातच मोठ्या बरणीतून बाटलीत भरून मिळायचं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत, 'एक चमचा, तीन वेळा'. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल भाऊंची तक्रार नव्हती, त्या 'एक चमचा'बद्दल होती. "कोणाचा चमचा? डॉक्टरसायबाचा, का तुमच्या सासूचा?" असं विचारून ते घरून आणलेला चमचा हातात घेत. त्यात पाणी भरून ते मापाच्या छोट्या काचेच्या ग्लासात ओतत आणि ठरवत. "हा चालते." किंवा "हा मोठा आहे जी, अर्धाच भरजा." रामाकोन्याच्या एका शेतकऱ्यानं एकदा चक्क पळी आणली होती. भाऊ म्हणाले, "हे खोकल्यासाठी नाही, हे पंगतीसाठी आहे."

खिडकीशी दहा माणसं खोळंबलेली असली तरी प्रत्येकाची चौकशी पूर्ण व्हायची. "कोरडा आहे का छातीत घुरघुर करते? कफ सुटून राहिला का?" कफ सुटत असेल तर खोकला बंद करायचं औषध ते देत नसत, डॉक्टरांना परत जाऊन विचारत. मोहगावच्या एका बाईनं बाजारातलं एक सिरप आणि यांचं औषध दोन्ही चालू ठेवलं होतं. तिला म्हणाले, "एक म्हणते बाहेर निघ, दुसरं म्हणते आत राह. त्या कफानं ऐकावं कोणाचं?" तिच्या हातून बाजारातली बाटली काढून घेतली आणि कोमट पाणी पीत राहा म्हणून सांगितलं.

जिनिंगमधला एक माणूस कापसाच्या धुळीनं खोकत यायचा. त्याला औषध देताना दरवेळी बजावत, "हे घेतलं का गुंगी येते. हे पिऊन मशीनवर उभं राहाचं नाही. अन् दारू त अजिबात नाही." तो म्हणाला, "भाऊ, मंग औषध काऊन पिऊ?" भाऊ म्हणाले, "नको पिऊ. बिडी सोड, अर्धा खोकला तसाच जाईन." तो तीन आठवड्यांनंतरही खोकतच आला तेव्हा मात्र भाऊंनी बाटली हातात घेतलीच नाही. "तीन हप्ते झाले? मंग हे माझं काम नाही." डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन त्याला थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि गेला की नाही हे त्याच्या घरी जाऊन पाहिलं.

मी शाळेत शिकवते. मोजमाप काटेकोर असलेला माणूस मला आवडतो. तरी खरं सांगायचं तर हे चमच्याचं मला जरा अतीच वाटायचं. घाईच्या वेळी चमचा विसरला आणि परत पाठवलं की राग यायचा.

त्र्याऐंशीच्या संक्रांतीला मी वाणाला चमचे दिले. नागपूरहून आणले. दुकानदारानं लहान दाखवले होते, पण लहान चमचा देणं मला चिकटपणाचं वाटलं, म्हणून चांगले खोलगट घेतले. दांडीवर आद्याक्षरं घातली. एकतीस बायका आल्या. सगळ्यांनी कौतुक केलं.

हळदी-कुंकवाचे दिवस आणि खोकल्याचे दिवस एकच असतात, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

शेजारच्या सूनबाईची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिची छाती भरली होती. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं, भाऊंनी घरचा चमचा मोजून "हा बरोबर आहे" म्हणून परत दिला. तिसऱ्या दिवशी, रविवारी, दहाच्या सुमारास सूनबाई माझ्या दारात आली. "काकू, थोडं या ना. हे उठूनच नाही राहिली."

मुलगी अंथरुणावर होती. हाक मारली की डोळे अर्धे उघडत आणि मिटत. छातीत घुरघुर चालली होती, पण खोकत नव्हती.

"औषध किती दिलं?"

"एक चमचा, काकू. तेवढाच. काल तीनदा अन् आज सकाळी."

"कोणता चमचा?"

तिनं ओट्यावरचा चमचा आणला. नवा होता, चकचकीत होता, म्हणून तिनं औषधाला तोच घेतला होता. दांडीवर माझी अक्षरं.

मी मुलीला उचललं, सूनबाईला बाटली आणि चमचा घ्यायला सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही दोघी जवळजवळ पळत गेलो. डॉक्टरांनी तपासलं. श्वास ठीक आहे, पण तिला झोपू द्यायचं नाही, बसतं ठेवायचं, असं म्हणाले आणि तिथेच थांबवून घेतलं. भाऊंनी चमच्यात पाणी भरलं आणि मापाच्या ग्लासात ओतलं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "ह्याच्यात मापाचे तीन चमचे मावतात. म्हणून ही गुंगी." चमच्याची दांडी वाचली. माझ्याकडे पाहिलं.

"किती वाटले, बाई?"

"एकतीस."

ते मुलीला मांडीवर उभी धरून पाठीवर हलके हलके थापटत बसले. तिला नावानं हाका मारत होते, मध्येच तिच्या तळपायाला गुदगुल्या करत होते. सूनबाई रडायला लागली तेव्हा म्हणाले, "माय, तू नको रडू. इनं रडलं पाहिजे. खोकाले बी जाग लागते. झोपेत कफ कोण काढीन?"

डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन तपासून जात. दीडच्या सुमारास मुलगी खोकली. मग आणखी जोरात खोकली, भाऊंच्या शर्टावर भडाभडा ओकली आणि मोठ्यानं रडायला लागली. भाऊ शर्टाकडे न पाहता म्हणाले, "रडून राहिली ना? मंग झालं." संध्याकाळी डॉक्टरांनी घरी सोडलं.

निघताना मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"तुमची कशी? चमचा देणं काही पाप नाही. मी घरचा चमचा पाहिला, पण घरात नवा चमचा येईन, ते नाही पाहिलं." मग लगेच, "यादी आहे का तुमच्याजवळ?"

यादी होती. हळदी-कुंकवाला कोणाला बोलावलं, कोणाकडून काय आलं हे मी वहीत लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करून भाऊ मापाचा ग्लास आणि एक तिकोनी कानस घेऊन माझ्या दारात उभे. आम्ही घरोघर गेलो. ते चमच्यात माप ओतत, पाणी जिथवर येई तिथे आतून कानशीनं बारीक सरळ रेघ मारत आणि सांगत, "औषध रेघेवरी. भाजी खाले मंग पूर्ण भरा." बायका हसत. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "बापा, हळदी-कुंकवाले आलेला पहिलाच माणूस तू. तुहं वाण काय मंग?"

"रेघ," भाऊ म्हणाले.

तीन संध्याकाळी लागल्या. तीस चमचे झाले. एकतिसावा ज्या बाईंकडे होता त्यांनी तो पांढुर्ण्याला बहिणीला वाण म्हणून देऊन टाकला होता. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. भाऊ पुढच्या रविवारी बसनं पांढुर्ण्याला गेले. बहिणीनं तो नणंदेला दिलेला. नणंदेनं आणखी कोणाला, तिला आठवत नव्हतं. भाऊ संध्याकाळच्या बसनं परत आले आणि थेट माझ्याकडे येऊन म्हणाले, "एक राहिला."

तेव्हापासून दर संक्रांतीनंतर तो प्रश्न. "तो एक भेटला काय, बाई?" मी म्हणायची, "भाऊ, इतक्या दिवसांत त्या चमच्यानं कोणाचं काही वाईट झालं असतं तर कळलं असतं." ते म्हणत, "नाही कळत, बाई. लोक म्हणतात लेकरू झोपलं, बरं झालं."



पुढे पुढे बाजारातल्या तयार बाटल्या वाढल्या, काहींबरोबर मापाचं झाकणही येऊ लागलं. भाऊंना ती झाकणं फार आवडली होती. पण झाकण आठ दिवसांत हरवतं आणि पुन्हा चमचाच निघतो, हेही तेच सांगत. शहाऐंशीत ते काम सोडून गावी, मोहगावला गेले. गेल्या दिवाळीच्या आधी वारल्याचं कळलं. मला शाळेच्या परीक्षांमुळे जाता आलं नाही. खिडकीत आता दुसरा माणूस आहे. तो बाटली मागतो, चमचा मागत नाही.

टोपल्यातलं बाकीचं वाण आवरून झालं. हा चमचा यंदा कोणी दिला ते वहीत पाहिलं. मागच्या गल्लीत गेल्या वर्षीच पांढुर्ण्याहून राहायला आलेल्या बाई. दांडीवरची अक्षरं त्यांनी वाचली नसावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शाळेत गेले. विज्ञानाच्या कपाटातलं मोजपात्र काढलं, पाच मिलीलिटर पाणी चमच्यात ओतलं आणि घरून नेलेल्या, विळीला धार लावायच्या कानशीनं रेघ मारली. भाऊंच्या रेघा सरळ असत, माझी जरा तिरपी आली. मग पहिल्या तासाच्या आधी मागच्या गल्लीत जाऊन चमचा बाईंच्या हातात दिला.

त्या ओशाळल्या. "अवो बाई, वाण परत करतात काय?"

"हे वाण नाही, माप आहे. औषध द्यायचं ते ह्या रेघेपर्यंत, वर नाही."

आतून कोणीतरी खोकलं. छातीतला खोकला होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"चार दिवस. सासरे आहेत."

"कफ सुटतो?"

"हो, सुटून राहिला."

"मग कोमट पाणी देत राहा. तीन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासून घ्या. त्याआधी कफात रक्त दिसलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर," असं सांगून मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत पिशवीतून त्र्याऐंशीची जुनी वही काढून एकतिसाव्या नावापुढे खूण केली.